भिंतीवरील राजद्रोह

१९१६ सालचा मे महिना संपत आला होता. मंडालेच्या बंदिवासातून सुटून टिळकांस दोन वर्षे होत आली होती. ३१ मे व १ जून ह्या दोन दिवशी त्यांनी त्या काळच्या अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, स्वराज्याच्या मागणीवर व्याख्याने दिली. सभेत सरकारचे लघुलेखक बसलेले होते. त्यांनी टिपलेल्या शब्दांचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि बेळगाव व नगर येथील भाषणांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका व प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. ९ नोव्हेंबर रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

बोललेला शब्द असा टिपता येतो, त्याचे भाषांतर करता येते, त्यावर वकिलांस वाद घालता येतो. पण सभेहून परतलेला श्रोता ज्या भिंतीखाली पाट मांडून जेवावयास बसे, त्या भिंतीवरील तसबिरींचे काय? तेथे रामपंचायतन असे, शेजारी शिवछत्रपती असत. त्यांतील राजद्रोह टिपणारा लघुलेखक सरकारने कोठून आणावा?

कायद्याने चित्राचा विचार केलाच नव्हता, असे मात्र नाही. राजद्रोहाच्या १२४-अ कलमात उच्चारलेल्या व लिहिलेल्या शब्दांबरोबर खुणा आणि दृश्य आकृती ह्यांचाही स्पष्ट उल्लेख होता. १९१० च्या छापखान्यांच्या कायद्याने तर सूचना, रूपक व ध्वन्यर्थ ह्यांनाही आपल्या जाळ्यात ओढले, आणि नव्या छापखानेवाल्याकडून ५०० ते २००० रुपयांपर्यंत अनामत घेण्याची तजवीज केली. ध्वन्यर्थावर अनामत बसविणारे हे सरकार साहित्यशास्त्रात थोडेफार मुरलेले होते, असेच म्हणावे लागेल!

महाराष्ट्रात ह्या चित्रांची परंपरा त्याहून जुनी. निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकर ह्यांनी १८७८ साली पुण्यास चित्रशाळा काढली; पुढे टिळकांचे स्नेही वासुकाका जोशी ह्यांनी तिचा कारभार पाहिला. रामपंचायतनाबरोबर नाना फडणविसांचे चित्रही ह्या छापखान्यातून बाहेर पडले. देव आणि मुत्सद्दी एकाच कागदावर, एकाच शाईत आणि सामान्य गृहस्थास परवडेल अशा किमतीत मिळू लागले. शिळाछापाची कृती मोठी कष्टाची. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने उलटे चित्र काढावयाचे, दगड ओला करून शाई फिरवावयाची. पाणी शाईस दूर ठेवते व तेलकट रेघ तिला धरून ठेवते. प्रत्येक रंगास निराळा दगड. एखादा कागद केसभर सरकला की ओठांची लाली गालावर जाई. कलेच्या दृष्टीने ह्यांतील पुष्कळ चित्रे सामान्यच होती. त्यांचे सामर्थ्य रेखाटनात नव्हते; ते पाहणाराला आधीच ठाऊक असलेल्या कथेत होते.

राजा रविवर्म्याने कीचक आणि सैरंध्री ह्यांचे चित्र १८९० साली बडोद्याच्या महाराजांसाठी रंगविले. त्यात राजकारणाचा लवलेशही नव्हता. १९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदभूमी, सोशीक युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हे ओळखण्यास प्रेक्षकांस कोणी शिकवावे लागले नाही. १९१० साली सरकारने नाटक बंद केले. पण एकदा ते पाहिलेल्या डोळ्यांस विराटाच्या घरची ती जुनी हकीकत चित्रात पुन्हा पूर्वीसारखी कशी दिसणार? चित्रातील एक रेघही न बदलता चित्र बदलले होते.

ह्या सामर्थ्याची दुसरी बाजूही लपविण्याचे कारण नाही. जे चित्र आपला शत्रू नावाने सांगत नाही, त्यातील शत्रू पाहणारा आपल्या मनातून भरतो. गोमातेच्या चित्रांत गाईवर तलवार उपसून धावणारा राक्षस कोण? एकास तो कली वाटे, दुसऱ्यास तो शेजारचा मुसलमान वाटे. आणि त्या शेजाऱ्यास आपलीच विटंबना झाली असे वाटल्यास त्याला दोष देता येत नाही. परकीय सत्तेवर रोखलेले हत्यार घरातल्या घरात फिरू लागले, ते ह्याच वाटेने.

रशियात क्रांतीनंतर भित्तिपत्रकाने निराळा मार्ग धरला. १९१९ पासून मायकोव्हस्की कवी व त्याचे सोबती साच्यांवरून रंगविलेली मोठमोठी चित्रे रिकाम्या दुकानांच्या खिडक्यांत लावीत. १९२० साली मूर ह्या चित्रकाराने काढलेला लाल सैनिक तर वाटसरूवर बोट रोखून तू सैन्यात नाव घातलेस काय, असे विचारतो. ते चित्र रस्त्यावर उभे राहून हुकूम करते. मराठी घरातील तसबीर हुकूम करीत नसे. तिला हार घातला जाई, तिच्यापुढे उदबत्ती लागे.

भगतसिंगांचे चित्र ह्याच वाटेने घरोघर गेले. लाहोरहून निसटताना ओळख लपावी म्हणून त्यांनी दाढी काढली व इंग्रजी हॅट घातली. एप्रिल १९२९ मध्ये, दिल्लीच्या विधिमंडळात बाँब टाकण्यापूर्वी, त्याच वेषात त्यांनी छायाचित्र काढविले. २३ मार्च १९३१ रोजी पुणे जिल्ह्यातील खेडचे राजगुरू व सुखदेव ह्यांच्यासह ते फाशी गेले, आणि त्या छायाचित्रावरून रंगीत चित्रे निघू लागली. सरकारने त्यांतील कित्येक जप्त केली. वेषांतराची टोपीच ओळखीची खूण होऊन बसली होती.

९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद पकडले गेले आणि बारा जणांस नगरच्या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. नेहरू, पटेल, आझाद ह्यांची मुखे तसबिरींमुळे गावोगाव परिचित झालेली होती. आता ती माणसे तटाआड होती. त्याच वेळी अच्युतराव पटवर्धन, जन्माने नगरचेच, भूमिगत होऊन लढा चालवीत होते. पोलिसांस ते अखेरपर्यंत सापडले नाहीत. त्या वर्षांत त्यांच्या मित्रांनी कोणाच्याही भिंतीवर त्यांचे चित्र दिसू नये, अशीच इच्छा केली असेल.