गाण्यांनी बांधलेली इमारत

"गाणी गाऊन कुठे समाज बदलतो का?" असा प्रश्न आमचेच शिकलेले तरुण आम्हाला विचारतात. या प्रश्नाचे उत्तर १८७३ सालच्या इंग्लंडमध्ये सापडते.

अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपल्यावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी १८६६ मध्ये नॅशव्हिल येथे फिस्क ही शिक्षणसंस्था सुरू झाली. वर्ग भरत लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत. पाच वर्षांत तिजोरी रिकामी झाली. तेव्हा खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी-गायकांना घेऊन दौऱ्यावर निघाले. त्यांतले बहुतेक गुलामीतच जन्मलेले होते. वाटेत हॉटेलवाले खोली नाकारत. तरीही सुरुवातीच्या एका कार्यक्रमाची तुटपुंजी कमाई त्यांनी शिकागोच्या आगीतील पीडितांना देऊन टाकली. हेच ते फिस्क ज्युबिली सिंगर्स.

त्यांनी गायले काय? आईबापांनी शेतात राबताना, रात्री लपून प्रार्थना करताना गायलेली गाणी. ही गाणी चारचौघांत म्हणायला ही मुले सुरुवातीला तयार नव्हती. संघाची पियानोवादक एला शेपर्ड हिने पुढे लिहून ठेवले आहे की, त्या गाण्यांना गुलामीचा काळा भूतकाळ चिकटलेला होता, तो विसरावासा वाटे. त्या काळी गोरे नट तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणारे खेळ करीत आणि लोक त्यावर पोट धरून हसत. अशा लोकांसमोर ही मुले ताठ उभी राहिली आणि गायली. हसणारे गप्प झाले.

१८७३ मध्ये संघ ब्रिटनला गेला. परदेशात ओळख ना पाळख. मग आधी प्रचार. लॉर्ड शाफ्ट्सबरी यांच्या पुढाकाराने ६ मे रोजी लंडनमध्ये निमंत्रितांसमोर पहिला कार्यक्रम झाला. राणी व्हिक्टोरियाने गाणी ऐकली, पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी घरी बोलावले. वर्तमानपत्रांत नाव गाजल्यावर गावोगावी कार्यक्रम लागले. संघाची हकीकत आणि गाण्यांचे पुस्तकही विकले गेले. या दौऱ्यातून सुमारे १०,००० पौंड जमले. त्यातून उभे राहिलेले ज्युबिली हॉल १ जानेवारी १८७६ रोजी खुले झाले.

पण याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दौऱ्याची सूत्रे गोऱ्या मिशनरी व्यवस्थापकांच्या हाती होती. थंडी, प्रवास आणि सततचे कार्यक्रम यांनी गायकांची प्रकृती ढासळली. १८७८ मध्ये संघ मोडला. पुढे फ्रेडरिक लाउडिन या कृष्णवर्णीय गायकाने तो स्वतःच्या मालकीने पुन्हा उभा केला आणि १८८४ पासून सहा वर्षे जग पालथे घातले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, भारत, जपान! गाणे आपले, तर मंचही आपला आणि हिशेबही आपला, हा धडा लाउडिनने दिला.

ज्या १८७३ साली ही मुले ब्रिटनमध्ये गात होती, त्याच साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहून ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकन जनतेला अर्पण केली. याच फिस्कमध्ये शिकून १८८८ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस पदवीधर झाले. त्यांनाच १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले. हे योगायोग म्हणून सोडून देता येणार नाहीत. जगभरच्या गुलामांचे दुःख एक आहे, हे या माणसांनी ओळखले होते.

आमच्याकडेही भीमराव कर्डकांसारख्यांचे जलसे होते, वामनदादा होते. खेड्यापाड्यांत बाबासाहेब पोहोचवले ते त्यांनी. आज जयंतीला डीजेवर हजारो रुपये उधळताना आम्ही गायकाचे मानधन मात्र घासाघीस करून देतो. गाण्याच्या कार्यक्रमातून एखादे वसतिगृह, एखादे वाचनालय का उभे राहू नये? ज्युबिली हॉल उभे करणाऱ्या त्या मुलांकडे आमच्यापेक्षा जास्त काय होते? आईबापांची गाणी आणि एक ठरलेले काम. गाणी आमच्याकडेही आहेत. काम ठरवायचे बाकी आहे.

जय भीम!