शाळेजवळचे घर : प्रवेशाचा हक्क किती, सोय किती?

गृहप्रकल्पांच्या जाहिरातींत रेल्वे स्थानक, रुग्णालय आणि शाळा यांची अंतरे मिनिटांत दिलेली असतात. स्थानक जवळ असले की त्याचा लाभ घरातील प्रत्येकाला आपोआप मिळतो. शाळेचे तसे नसते. शाळा अगदी फाटकासमोर असूनही तिच्यात मुलाला जागा मिळाली नाही, तर त्या जवळिकीसाठी मोजलेल्या जादा पैशांच्या बदल्यात कुटुंबाच्या वाट्याला सकाळची वर्दळ तेवढी येते. त्यामुळे शाळेजवळ घर घेण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी किमतीच्याही आधी प्रवेशाचा नियम तपासणे आवश्यक ठरते. अपेक्षित शाळा पत्त्याला महत्त्व देते काय, देत असल्यास कोणत्या नियमाने, आणि तो नियम किती काळ टिकण्यासारखा आहे, हे प्रश्न व्यवहाराच्या आरंभीच विचारावयास हवेत.

शाळेजवळच्या घराची किंमत वाढते, हा समज बऱ्याच अंशी परदेशांतील व्यवस्थेवर आधारलेला आहे. अमेरिकेच्या अनेक भागांत सार्वजनिक शाळांच्या हद्दी आखलेल्या असतात आणि घर ज्या हद्दीत असेल त्यावरून मुलाची शाळा ठरते. अर्थशास्त्रज्ञ सँड्रा ब्लॅक यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मॅसॅच्युसेट्स राज्यातील अशा हद्दींच्या दोन्ही बाजूंच्या घरांची तुलना केली. परीक्षेतील गुणांत ५ टक्के वाढ असलेल्या शाळेसाठी पालक घरामागे सुमारे २.५ टक्के अधिक रक्कम देण्यास तयार असतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. इंग्लंडमध्येही अर्ज अधिक आणि जागा कमी असल्यास अनेक सरकारी शाळा घराचे अंतर मोजतात. तेथे घराबरोबर शाळाही जवळजवळ विकत घेतली जाते. भारतात अशी हद्द बहुतेक ठिकाणी नाही, आणि खासगी शाळांबाबत तर पत्त्याचे महत्त्व राज्यागणिक बदलते.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यात ‘नजीकची शाळा’ ही संकल्पना आहे. केंद्राच्या २०१० च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर या चालत जाण्याच्या अंतरात शाळा असावयास हवी. मात्र हे बंधन शासन व स्थानिक प्राधिकरणांवर आहे. घराजवळच्या शासकीय, महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलाला प्रवेश मिळणे, हा त्यातून निर्माण होणारा खरा हक्क होय. समोरच्या खासगी विनाअनुदानित शाळेवर असा दावा सर्वसाधारण पालकाला सांगता येत नाही. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने नोव्हेंबर २०१० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनी खासगी शाळांना प्रवेशाचे तर्कसंगत निकष स्वतः ठरविण्याची मुभा दिली. घराचे अंतर हा त्यांतील एक निकष असू शकतो; तो असलाच पाहिजे, असे नाही.

पत्त्यावर विसंबणे किती जोखमीचे असते, हे दिल्लीच्या नर्सरी प्रवेशांच्या इतिहासातून दिसते. डिसेंबर २०१३ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांच्या आदेशाने प्रवेशाच्या १०० गुणांपैकी तब्बल ७० गुण शाळेपासून ८ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी ठेवण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये हे निकष रद्द करून शाळांची स्वायत्तता मान्य केली. पुढे जानेवारी २०१७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जमिनीवर उभ्या असलेल्या २९८ खासगी शाळांना परिसरातील मुलांना प्राधान्य देण्यास सांगणारी अधिसूचना निघाली आणि फेब्रुवारीत तिलाही न्यायालयाने स्थगिती दिली. म्हणजे साधारण तीन वर्षांत पत्त्याचे वजन सर्वाधिक झाले, गेले, पुन्हा येऊ घातले आणि पुन्हा थांबले. आजही राजधानीतील अनेक खासगी शाळा अंतराला भरघोस गुण देतात, पण किती किलोमीटरला किती गुण, हे प्रत्येक शाळा ठरविते. गृहकर्जाची मुदत मात्र २० वर्षांची असते.

महाराष्ट्रातील अनुभवही फार वेगळा नाही. येथे अंतराचा मुद्दा प्रामुख्याने खासगी शाळांतील वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागांना लागू होतो. या जागा ऑनलाइन अर्ज आणि सोडतीद्वारे भरल्या जातात. अर्ज करताना घराचे स्थान नकाशावर नोंदवावे लागते आणि १ किलोमीटरच्या आतील मुलांचा विचार आधी होतो. शासकीय किंवा अनुदानित शाळेपासून १ किलोमीटरच्या परिघात असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या बंधनातून वगळणारी दुरुस्ती राज्य शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने तिला ६ मे रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द ठरविली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही. कर्नाटकात नेमके उलट घडले. नजीक शासकीय किंवा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेत राखीव जागांवर प्रवेश देण्याची गरज नाही, असा बदल तेथे झाला आणि २०१९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. पुण्यातून बंगळूरुला बदली झालेल्या कुटुंबाने आपल्याबरोबर पुण्याचा नियमही येईल, असे गृहीत धरू नये.

केंद्रीय विद्यालयांच्या बाबतीत गैरसमज विशेष आढळतो. या शाळांत केंद्र सरकारच्या बदलीपात्र कर्मचाऱ्यांच्या मुलांना अग्रक्रम असतो आणि उर्वरित प्रवर्ग त्यानंतर येतात. परिसराचा विचार मुख्यतः पहिलीच्या राखीव २५ टक्के जागांपुरता होतो. अन्यथा शेजारचा पत्ता फारसा उपयोगी पडत नाही. नवोदय विद्यालये तर निवासी असतात आणि त्यांत जिल्हा पाहिला जातो. त्यांच्याजवळ घर असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही.

येथे एक मुद्दा ठळकपणे नोंदविणे आवश्यक आहे, कारण व्यवहाराच्या घाईत तो सहसा निसटतो. ज्या ठिकाणी पत्ता मोजला जातो, तेथेही निवास पाहिला जातो, मालकी नव्हे. महाराष्ट्रातील २५ टक्के जागांसाठी नोंदणीकृत भाडेकरार निवासाचा पुरावा म्हणून चालतो. दिल्लीतही मतदार ओळखपत्र, वीजदेयक, पारपत्र यांसारखी कागदपत्रे स्वीकारली जातात. म्हणजेच प्रवेश हाच हेतू असेल, तर त्या परिसरात भाड्याने राहूनही तो साधता येतो, आणि प्रवेश न मिळाल्यास अकरा महिन्यांनी दुसरीकडे जाता येते. केवळ प्रवेशासाठी दाखविलेला आणि प्रत्यक्ष राहत नसलेला पत्ता मात्र पडताळणीत उघड झाल्यास प्रवेश रद्द होतो.

मग घर विकतच का घ्यावे? याचे उत्तर रोजच्या वेळेत आहे. अधिनियमाच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस असतात. जवळच्या घरामुळे जाण्याचे २५ आणि येण्याचे २५ मिनिटे वाचत असतील, तर वरच्या वर्गांतील मुलाचे वर्षाला १८० हून अधिक तास वाचतात. सकाळच्या सत्रात हा वेळ झोपेतून कापला जातो, हे पालकांना वेगळे सांगावयास नको. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरविण्याचा निर्णय घेतला, त्यामागेही मुलांच्या अपुऱ्या झोपेचीच चिंता होती. मूल स्वतः चालत जाऊ लागले की स्कूल बसचे शुल्क किंवा रिक्षावाल्या काकांचे पैसे वाचतात, नोकरी करणाऱ्या आईवडिलांपैकी एकाची दुपारची धावपळ थांबते. मात्र त्यासाठी नकाशावरील सरळ रेषेतील अंतर पुरेसे नाही. मध्ये महामार्ग, रेल्वेरुळ किंवा पदपथ नसलेला रस्ता असेल, तर ४०० मीटरवरच्या शाळेतही मुलाला रोज सोडावयास जावे लागते.

या सोयीची किंमत हिशेबात मांडता येते. शाळेजवळचे घर १० लाख रुपयांनी महाग असेल आणि ही जादा रक्कम साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांच्या कर्जातून उभी केली, तर मासिक हप्ता सुमारे ८,६८० रुपयांनी वाढतो. मुदतीअखेर या १० लाखांपोटी जवळपास २१ लाख रुपये फेडले जातात. स्कूल बसचे शुल्क या आकड्याशी ताडून पाहावे, आणि बस बहुधा वर्षातील दहा महिनेच लागते, हेही ध्यानात ठेवावे. मूल शाळेत असेल ती वर्षे आणि हप्त्याची वर्षे यांचा मेळही बसत नाही. महाराष्ट्रातील अनेक प्राथमिक शाळा चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंतच आहेत. पहिलीतल्या मुलासाठी घेतलेल्या घराचा शाळेपुरता उपयोग चार वर्षांत संपू शकतो. तेव्हा घर विकून दुसरीकडे जाऊ, हा विचार कागदावर सोपा वाटतो. परंतु नव्या घरासाठी मुद्रांक शुल्क पुन्हा भरावे लागते. मुंबईत ते मेट्रो अधिभारासह ६ टक्के, तर पुण्यात स्थानिक करासह ७ टक्के आहे. नोंदणी शुल्क आणि दलाली वेगळी. शिवाय जुन्या कररचनेत मुद्दलाच्या परतफेडीवर घेतलेली प्राप्तिकर वजावट, ताबा मिळालेले आर्थिक वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत घर विकल्यास परत उत्पन्नात धरली जाते.

शाळेचा शेजार कसा असतो, हे रविवारी घर पाहून कळत नाही. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळेसमोर सकाळी सात, दुपारी बारा-साडेबारा आणि सायंकाळी बस, रिक्षा व दुचाकींचा विळखा पडतो. अरुंद गल्लीत त्या वेळी स्वतःच्या इमारतीतून गाडी बाहेर काढणेही कठीण होते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शैक्षणिक संस्थांभोवतीचे किमान १०० मीटर क्षेत्र शांतता क्षेत्र ठरू शकते आणि तेथे दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा असते. ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर मात्र राज्य शासनाने घोषित केल्याशिवाय असे क्षेत्र आपोआप शांतता क्षेत्र मानले जात नाही. शाळेचा कर्णा, कवायत, स्नेहसंमेलनाची महिनाभर चालणारी तालीम हे सारे याच मर्यादेतले किंवा मर्यादेबाहेरचे आवाज होत. मैदान सुटीत समारंभांसाठी भाड्याने दिले जाते काय, याची चौकशी शेजाऱ्यांकडे करावी. शाळा मतदान केंद्र आणि परीक्षा केंद्रही असते. दहावी-बारावीच्या दिवसांत परिसरातील झेरॉक्सची दुकाने बंद राहतात, एवढ्याने कोणाचे बिघडत नाही. पण त्याच इमारतीत दुकानाचा गाळा घेणाऱ्याने हे लक्षात घ्यावे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस २००३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिमेद, अतिमीठ व अतिसाखर असलेले पदार्थ विकण्यास अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे विनियम मनाई करतात. ज्यांना घरालगत टपऱ्या नकोत, त्यांच्या दृष्टीने ही जमेची बाजू आहे, अंमलबजावणी होत असेल तर.

सर्वांत सावध राहावे ते अद्याप उभ्या न राहिलेल्या शाळेबाबत. विकास आराखड्यात भूखंडावर शाळेचे आरक्षण दिसले म्हणजे तेथे शाळा होईलच, असे नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण संपुष्टात येते. मग त्याच भूखंडावर इमारत उभी राहू शकते. विकासकाच्या माहितीपत्रकात ‘नियोजित आंतरराष्ट्रीय शाळा’ असा उल्लेख असल्यास ती मंजूर आराखड्यात आहे काय आणि कोणत्या टप्प्यात, हे ‘रेरा’च्या संकेतस्थळावरील कागदपत्रांतून पाहावे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला भरपाई मागता येते किंवा व्यवहारातून बाहेर पडून व्याजासह रक्कम परत मिळविता येते. त्यासाठी माहितीपत्रक जपून ठेवावे. शाळा सुरू असेल, तर तिचा अकरा अंकी ‘यूडायस’ क्रमांक, मान्यता आणि वर्ग कोठपर्यंत आहेत, हे तपासण्यास फारसा वेळ लागत नाही.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांचा हिशेब थोडा निराळा असतो. सुरत आणि बडोदा येथे महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. अशा शहरांत मुलाला मराठीतूनच शिकवावयाचे ठरले, तर पर्याय मोजके असतात, प्रवेशाची स्पर्धा खासगी इंग्रजी शाळांसारखी नसते, आणि शाळेचे अंतर हाच खरा अडसर ठरतो. तेथे घराच्या निवडीत शाळेला अधिक वजन देणे योग्य होईल. पटसंख्या घटत चाललेली शाळा पुढे चालू राहील काय, याची विचारणा मात्र मुख्याध्यापकांकडे आधी करावी.

बांधकाम सुरू असलेल्या घराच्या बाबतीत वेळापत्रकही पाहावे लागते. दिल्लीतील खासगी शाळांच्या प्रवेशप्रक्रियेस सहसा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये प्रारंभ होतो आणि अर्जासोबत निवासाचा पुरावा द्यावा लागतो. ताबा मिळणे, वीजजोडणी नावावर होणे आणि आधारवरील पत्ता बदलणे यांत काही महिने जातात. मार्चमध्ये ताबा मिळणाऱ्या घराचा पत्ता त्या वर्षीच्या प्रवेशासाठी उपयोगी पडत नाही.