तापाचा नवा हिशेब

वैद्याला नाडी दाखवण्याआधी माणूस हल्ली गूगलला लक्षणे विचारतो. या सवयीवरूनच २००८ साली गूगलने अमेरिकेतील फ्लूची साथ मोजू पाहिली. दवाखान्यांतून येणाऱ्या सरकारी आकड्यांना आठवडा-दोन आठवडे लागत; हा अंदाज जवळजवळ तत्काळ मिळे. विद्वानांनी कौतुक केले, आणि ते रास्तही होते. पण २००९ च्या वसंतात आलेला स्वाइन फ्लू त्याला नीट दिसलाच नाही. २०१२-१३ च्या हिवाळ्यात तर रुग्णांचे प्रमाण त्याने दुपटीहून अधिक फुगवले. तापाने फणफणलेला आणि तापाच्या बातमीने घाबरलेला, दोघेही तेच शब्द टंकणार ना! आणि ज्याच्या घरी संगणकच नाही, त्याचा ताप मोजणार कोण? २०१५ साली गूगलने हे अंदाज प्रसिद्ध करणे थांबवले. दवाखान्यांची संथ मोजणी चालूच राहिली.