एचडीआर छायाचित्रण
एकाच दृश्याची कमीअधिक उद्भासनाची छायाचित्रे एकत्र करून लख्ख उजेड व गडद सावली या दोन्हींतील तपशील टिपण्याचे तंत्र. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५० च्या दशकात आकाश व समुद्र यांच्या स्वतंत्र निगेटिव्ह एका छापात जोडल्या (पहा : छायाचित्रण). पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक या संगणकशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये कमीअधिक उद्भासनाच्या छायाचित्रांवरून दृश्याची मूळ दीप्ती काढण्याची पद्धत मांडली. नवशिक्याने कॅमेरा तिपाईवर लावून −२, ०, +२ स्टॉप उद्भासनाची तीन छायाचित्रे घ्यावीत. बदलायचा तो फक्त शटरचा वेग, कारण भिंगाचे छिद्र बदलल्यास क्षेत्रखोलीही (स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पल्लाही) बदलते. सरावाला उघड्या खिडकीची अंधारी खोली सोयीची. वाऱ्याने हलणारी पाने मात्र एकत्रित छायाचित्रात दुहेरी उमटतात. पडद्याचा दीप्तिपल्ला अपुरा पडत असल्याने शेवटी टोन मॅपिंग (दृश्याची दीप्ती पडद्याच्या पल्ल्यात बसविणे) करतात. ते अति झाल्यास कडांभोवती वलये दिसतात (पहा : कॅमेरा).