पुंगळीची कड आणि रायफलीचा आकडा

मुंबईतील डिलाईल रोडचे (आजच्या ना. म. जोशी मार्गाचे) जुने नाव वाचून शस्त्रेतिहासाच्या अभ्यासकास दुसऱ्या महायुद्धातील डी लाईल कार्बाईन आठवावी, हे स्वाभाविक होय. रस्ता त्या शस्त्राहून पुष्कळ जुना; संबंध केवळ नामसाम्याचा. परंतु त्या कार्बाईनीमागील प्रश्न पुढे भारतातही उद्भवला.

ली-एन्फिल्ड रायफलीच्या .303 काडतुसाच्या बुडास बाहेर आलेली कड असे. बोल्ट मागे ओढताच त्यावरील आकडा या कडेला धरून रिकामी पुंगळी खेची, व डाव्या भिंतीतील लहानसा स्क्रू तिला बाहेर फेकण्यास साह्य करी. डी लाईल यांनी याच यंत्रणेत .45 चे, बाहेर कड नसलेले काडतूस बसविले. 1962 च्या चीन युद्धानंतर इशापूर येथे 7.62 मिलिमीटर काडतुसासाठी हीच रायफल नव्याने घडविण्यात आली. त्या काडतुसालाही बाहेर कड नाही, खाच तेवढी आहे. (जळगाव जिल्ह्यात वरणगावला 1964 मध्ये स्थापन झालेला कारखाना याच मापाची काडतुसे बनवू लागला.) नव्या रायफलीचे वर्णन करताना लेखक तिच्या अधिक बळकट पोलादाचेच गुण गातात. आमच्या मते बदललेल्या आकड्याचे महत्त्व त्याहून तिळभर कमी नाही. पुंगळी कोठीत अडकली, तर शिपायाच्या हाती दुसरी गोळी झाडण्याचे साधन उरत नाही.