पैठणचा 'नखाश्म' आणि गोदावरीचें वाळवंट

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास कोणा अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानें लिहिलेलें 'एरिथ्रियन समुद्राचें पेरिप्लस' महाराष्ट्राच्या इतिहासाभ्यासकांस सुपरिचित आहे. त्याच्या ५१ व्या कलमांत भडोचेपासून दक्षिणेस सुमारें वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व तेथून पूर्वेस सुमारें दहा दिवसांच्या वाटेवर तगर अशा दोन पेठा सांगितल्या असून, पैठणाहून एक जातीचा दगड विपुल प्रमाणांत गाड्यांवर घालून, धड वाट नसलेल्या मोठमोठ्या मुलुखांतून, भडोचेस उतरत असे अशी नोंद आहे. तगर म्हणजे तेर हें फ्लीटनें १९०१ मध्यें प्रतिपादिल्यापासून त्या गांवाची चर्चा पुष्कळ झाली. पैठणच्या दगडाकडे त्या मानानें लक्ष थोडें गेलें. हा दगड कोणता व तो येत कोठून, एवढ्याच दोन प्रश्नांचा विचार येथें कर्तव्य आहे.

मूळ ग्रीक शब्द 'ओनुखिने लिथिआ' असा आहे. 'ओनुक्स' म्हणजे नख. हा शब्द व आपला संस्कृत 'नख' शब्द एकाच मूळ धातूचे वंशज होत हें भाषाशास्त्रज्ञांस मान्य आहे. तेव्हां अक्षरशः भाषांतर करावयाचें तर 'नखाश्म' म्हणावें लागेल, व पुढें आम्हीं तोच शब्द वापरला आहे. नखासारखा अर्धपारदर्शक व त्यावर नखाच्या मुळाशीं दिसते तशी पांढरी कोर, असें ज्याचें रूप तो नखाश्म. म्हणजे पट्टेदार अकीक, ज्यास बाजारांत सुलेमानी असेंही म्हणतात.

इतकें सरळ असतां घोटाळा कां व्हावा? कारण आपल्याकडील बहुतेक मंडळींच्या हातीं मूळ ग्रीक नसून शॉफचें १९१२ चें इंग्रजी भाषांतर असतें. शॉफनें ४८ व्या कलमांत, उज्जयिनीच्या मालाच्या यादींत, याच शब्दास 'अकीक' असा प्रतिशब्द दिला. आणि तीनच कलमें पुढें, पैठणच्या संबंधांत, त्याच शब्दास 'कार्नेलियन', म्हणजे तांबडा अकीक, असा दिला. एकाच ग्रंथकारानें एकाच भडोचच्या व्यापारासंबंधानें वापरलेल्या एका शब्दाचे असे दोन अर्थ करण्यास आधार काय, तें आम्हांस दिसत नाहीं. मॅक्रिंडलनें व अलीकडे कॅसननें (१९८९) पैठणच्या ठिकाणीं 'ओनिक्स' हाच अर्थ ठेविला आहे व तोच ग्राह्य होय. उज्जयिनीच्या यादींत नखाश्माजवळ येणारा 'मुऱ्हिने' कोणता, हा वाद निराळा आहे. त्यांत येथें शिरत नाहीं.

रंगाचा हा भेद क्षुल्लक नव्हे. तांबडा अकीक बहुधा जसाच्या तसा निसर्गांत सांपडत नाहीं. लोहाचा अंश असलेला पिंवळट दगड उन्हांत सुकवून, मडक्यांत भरून, गोवऱ्यांच्या मंद आंचेवर तापविला म्हणजे तो लाल होतो. राजपिपळ्याजवळील रतनपूरच्या खाणींचा माल खंबायतेस जाण्यापूर्वीं या क्रियेंतून जात असे. पैठणहून कार्नेलियन जाई असें म्हटलें कीं तेथें अशा भट्ट्या होत्या असें ओघानेंच मानावें लागतें. नखाश्म म्हटला कीं भट्टीची गरज उरत नाहीं. दगड वेंचावा, पोत्यांत भरावा व गाडीवर घालावा.

आमच्या संस्कृत रत्नशास्त्रकारांनीं या दगडास फारसा मान दिलेला नाहीं. बृहत्संहितेंतील रत्नांच्या यादींत व गरुडपुराणांतील रत्नपरीक्षेंत 'रुधिराख्य' येतो, त्याचा संबंध गरुडपुराण नर्मदेशीं जोडतें, आणि कित्येक विद्वान् तो तांबडा अकीकच समजतात. पट्टेदार अकीकास मात्र असें सर्वमान्य एक नांव नाहीं. याचें कारण आम्हांस असें वाटतें कीं, हे ग्रंथ राजाच्या भांडारासाठीं लिहिले गेले; नदीच्या कांठीं गुराख्याच्या पायाखालीं येणाऱ्या दगडास भांडारांत जागा नव्हती. आणि खुद्द 'अकीक' हा शब्द तर अरबी आहे.

आतां दुसरा प्रश्न. पैठणच्या आसपास अकीकाची खाण शोधण्याचें कारण नाहीं. गोदावरी हीच खाण आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं शिलारसाचे थरावर थर पसरून दख्खनचा काळा पत्थर बनला. त्यांतील वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत गारेचा अंश विरघळलेलें पाणी झिरपून पापुद्र्यावर पापुद्रा बसत गेला, तोच अकीक. पुढें काळा पत्थर कुजून त्याची माती होते, पण अकीक त्याहून कठीण असल्यामुळें तो सुटा होऊन ओढ्यांनीं नदींत येतो. दर पावसाळ्यांत नदी नवा माल आणून टाकते. म्हणून आमच्याकडील लोक त्यास विशेष नांव न देतां सरसकट गारगोटी म्हणतात, व तिच्यावर पोलाद मारून विस्तव पाडण्यापलीकडे त्यांनीं तिची किंमत केली नाहीं.

आम्ही शिक्षकाच्या पेशांत असतां परीक्षा, जनगणना व निवडणूक या सरकारी कामांनिमित्त गोदा-प्रवरेच्या कांठचीं पुष्कळ गांवें पाहिलीं. काम आटोपल्यावर एस. टी. येईपर्यंत जो वेळ मिळे तो वाळवंटांत जाई. ज्यांस हा नाद नाहीं त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. पूर ओसरल्यानंतरचे दिवस उत्तम. सकाळीं किंवा सायंकाळीं, सूर्य समोर व खालीं असतां, त्याच्याकडे तोंड करून सावकाश चालावें. काळ्या पत्थराचे गोटे उजेड अडवितात. अकीक मात्र आंतून दिवा लाविल्यासारखा उजळतो. भर दुपारीं त्याच गोट्यांवरून दहा वेळां गेलें तरी तो दिसावयाचा नाहीं. सालीवर जाऊं नये. ती खडबडीत, मळकट, कधीं देवीच्या व्रणांसारखी खळगे पडलेली असते. एका मैलभर पात्रांत अर्ध्या तासांत धोतराचा सोगा भरेल इतके तुकडे आम्हीं वेंचले आहेत. बहुतेक करडे, पांढरे, दुधी, कांहीं पट्टेदार. तांबडे अगदीं थोडे. पेरिप्लसच्या 'विपुल' या शब्दाचा अर्थ आम्हांस तेव्हां उमगला, व 'कार्नेलियन' हा अर्थ कां जुळत नाहीं तेंही.

या नादांत आमच्यापूर्वीं एक मोठा मनुष्य होऊन गेला. भारतीय भूस्तरशोधन खात्याचा अधिकारी वाईन हा १८६५ मध्यें सरकारी पाहणीच्या कामावर वरच्या गोदावरीच्या प्रदेशांत फिरत असतां पैठणजवळच्या मुंगी गांवीं त्यास नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरांत अकीकाची एक चपटी कपची मिळाली. मनुष्यानें घडविलेली ती कपची, लुप्त प्राण्यांचीं हाडें ज्या थरांत मिळतात त्या थरांतील. खात्याचा प्रमुख ओल्डहॅम यानें १८६८ मध्यें तिजवर लेख लिहिला व थराच्या वयापुढें प्रश्नचिन्ह ठेविलें. मद्रासजवळ पल्लावरम् येथें रॉबर्ट ब्रूस फूट यास पहिलें दगडी हत्यार १८६३ च्या मे महिन्यांत मिळालें होतें, हें ध्यानांत घेतां मुंगीच्या कपचीचा मान केवढा तें कळेल. पुढें सांकळियांनीं नेवाशास प्रवरेच्या कांठीं अशाच बारीक पोताच्या दगडांच्या हत्यारांचा समूह उजेडांत आणिला. ज्या गांवीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील दरडींत हें प्रकरण होतें.

ती कपची वेंचणाऱ्यानें ती पात्रांतून उचलली असती तर तिला कांहींच किंमत नव्हती. ती थरांतून मिळाली व तसें त्यानें लिहून ठेविलें म्हणून ती साक्षीदार झाली. पात्रांतला सुटा गोटा गेल्या पुरांत आलेला असूं शकतो; दरडींतला, चुनखडीनें जखडलेला गोटा सहस्रावधि वर्षें जागचा हललेला नसतो. पोथ्या जमविणाऱ्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको. पुष्पिकेचें पान फाडलेली पोथी कितीही सुंदर असली तरी ती कोणी, कोठें, कोणत्या शकांत लिहिली हें सांगत नाहीं. आज हौशी संग्राहकांच्या पेट्यांतील बहुतेक अकीक अशा पुष्पिकाहीन पोथ्या आहेत. त्यांत घडविलेल्या कपच्या व अर्धवट भोंक पाडलेले मणी मिसळलेले आम्हीं स्वतः पाहिले, व मालकास गांवाचें नांव विचारतां "कुठल्यातरी नदीचें" एवढेंच उत्तर मिळालें. पुरा झालेला मणी कोणीतरी तो ल्याला एवढेंच सांगतो. अर्धवट मणी तेथें कारागीर बसत होता हें सांगतो. भोकरदन व तेर येथील उत्खननांत मणी सांपडले ते थरांच्या नोंदीसह, म्हणून त्यांचा उपयोग. इकडे १९७६ त पुऱ्या झालेल्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाखालीं पैठणच्या वरचें पात्र गेलें आहे, व खालच्या पात्रांतून वाळू उपसली जात आहे.

राहतां राहिला एक मुद्दा. पैठणचा माल जवळच्या कल्याण बंदरीं न जातां वीस दिवसांची वाट तुडवून भडोचेस कां जाई? याचें उत्तर पेरिप्लसच्याच ५२ व्या कलमांत आहे. कल्याणचा व्यापार त्या वेळीं अडविलेला होता, व तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतें पहाऱ्याखालीं भडोचेस नेत असत. ज्या दगडास आपल्या भांडारांत स्थान नव्हतें तो क्षत्रप-सातवाहनांच्या या चढाओढींत दूरच्या बंदरीं नेऊनही परवडत असे, ही गोष्ट व्यापाराच्या अभ्यासकांनीं विचारांत घेण्यासारखी आहे.

अकीक, सुलेमानी किंवा गारगोटी यांच्या खरेदी-विक्रीचा अगर जकातीचा उल्लेख असलेले मोडी कागद कोणा वाचकाच्या संग्रहीं असल्यास त्यांनीं त्यांच्या नकला, गांव व तिथि यांसह, मंडळाकडे पाठवाव्या. विशेषतः पैठण, नेवासें व तेर या पेठांचे कागद आम्हांस पाहावयाचे आहेत.