बॅट कोणाच्या हाती

तळोद्याच्या बारगळ गढीकडे पाहताना क्रिकेट आठवावे, असे तिथे वरकरणी काही नाही. पडझड झालेली भिंत, गवत, आणि 'होळकरांचा मामा इथलाच' हे सांगणारा एखादा म्हातारा, एवढेच. पण गेली काही वर्षे मी खेळाडूंच्या निवडीचा इतिहास चाळतो आहे आणि तो धागा फिरून फिरून याच गढीपाशी येतो.

सुभेदार मल्हारराव होळकरांचा जन्म १६९३ साली जेजुरीजवळच्या होळ गावी झाला. वडील लवकर वारले आणि आई पोराला घेऊन भावाकडे, खानदेशात तळोद्याला आली. हा भाऊ म्हणजे भोजराज बारगळ. सरदार कदम बांड्यांसाठी तो घोडेस्वारांचे पथक बाळगून होता. भाचा आधी मेंढरे राखत असे. रानात झोपलेल्या मुलाच्या तोंडावर नागाने फणा धरला आणि मामाने त्याला मेंढरांमागून काढून घोड्यावर बसवले, ही कथा आमच्याकडे पोरांनाही ठाऊक असते. नागाचे राहू द्या. मला त्यात एवढेच दिसते की पोरात काहीतरी आहे हे एका माणसाने ओळखले, आणि त्या माणसाकडे देण्यासारखा घोडा होता. पुढे मामाने आपली मुलगी गौतमाबाईही त्याला दिली. पारखणाऱ्याने पारखलेल्यावर इतका जीव लावल्याची उदाहरणे खेळाच्या इतिहासात फारशी सापडत नाहीत.

या भाच्याने उभ्या केलेल्या दौलतीच्या वारसांनी दोनशे वर्षांनी एका फलंदाजाला इंदूरला बोलावले. कोट्टारी कनकय्या नायडू, म्हणजे सी. के. जन्म नागपूरचा, १८९५ चा. घर तेलुगू आणि सुखवस्तू, त्यामुळे बॅट लहानपणापासूनच हातात. १९१६ साली मुंबईत हिंदूंकडून युरोपियनांविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला तेव्हा सात गडी बाद झाले होते. पहिले तीन चेंडू त्याने अडवले आणि चौथा सीमेपार भिरकावला. मोठ्या सामन्यातली पहिली धाव म्हणजे एकदम षटकारच. १९२३ साली होळकर दरबाराने त्याला बोलावून घेतले आणि फौजेत कॅप्टनचा हुद्दा दिला. पुढे तो कर्नल झाला आणि ती पदवी नावाला कायमची चिकटली. फौजेतला हुद्दा हा अर्थातच त्या काळचा करारनामा होता. संस्थानिकांना खेळाडू नोकरीला ठेवायचा, तर त्याला कुठल्या तरी दप्तरात दाखवावे लागे.

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगनच्या नेतृत्वाखाली एम. सी. सी.चा संघ हिंदुस्थानात आला. मुंबईत जिमखान्याच्या मैदानावर हिंदूंविरुद्ध त्यांनी ३६३ धावा केल्या. त्यात गाय अर्ल नावाच्या धिप्पाड इंग्रजाने आठ षटकारांसह १३० धावा कुटल्या होत्या. मग १ डिसेंबरला नायडू आला. दोन तासांच्या आत १५३ धावा, त्यात तेरा चौकार आणि अकरा षटकार. समोर मॉरिस टेट, जॉर्ज गिअरी, अ‍ॅस्टिल यांच्यासारखे इंग्लंडकडून खेळलेले गोलंदाज. चेंडू जिमखान्याच्या छपरावर आदळू लागले आणि ती बातमी फोर्टातल्या कचेऱ्यांत पोहोचली तशी माणसे कामे टाकून मैदानाकडे धावली, असे सांगतात. एम. सी. सी.ने त्याला चांदीची बॅट भेट दिली.

याच्या नऊ महिने आधी, बावला खून प्रकरणाच्या धक्क्याने, तिसरे तुकोजीराव होळकर गादीवरून पायउतार झाले होते. ज्या दरबाराने नायडूला इंदूरला आणले, त्याचा धनी त्याची सर्वांत गाजलेली खेळी झाली तेव्हा राजा उरला नव्हता.

क्रिकेटच्या पुस्तकांत ही खेळी हिंदुस्थानच्या कसोटी दर्जाची पहिली पायरी म्हणून येते. ते बरोबरही आहे. फेब्रुवारी १९२७ मध्ये दिल्लीत गिलिगन, पतियाळाचे महाराज, ग्रँट गोव्हन आणि अँथनी डिमेलो एकत्र बसले. इथल्या संघाला कसोटीत घेण्यासाठी लंडनला बोलतो, असे गिलिगनने सांगितले. १९२८ साली नियामक मंडळ स्थापन झाले आणि २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर नायडू पहिल्या कसोटीत नाणेफेकीला गेला. पण 'गिलिगनने नायडूला हेरले' असे जे लिहिले जाते ते मला पटत नाही. १९२६ साली नायडू एकतीस वर्षांचा होता. मुंबईचा प्रेक्षक त्याला दहा वर्षे पाहत होता. त्या दिवशी नवे काही घडले असेल तर ते बॅटीकडून घडलेले नाही, पाहणाऱ्या डोळ्यांकडून घडले. ज्याच्या शब्दाला लंडनमध्ये वजन होते असा माणूस त्या दिवशी मैदानावर होता. मामाकडे घोडा होता, तसे गिलिगनकडे लॉर्ड्सचे दार होते.

आता पुण्याकडे वळतो, कारण नायडूच्या गोष्टीची दुसरी बाजू तिथे आहे. पळवणकर बाळू हे चांभार समाजातले. आधी पारशी क्लबात आणि मग पूना क्लबात खेळपट्टी लाटणे, जाळी लावणे, कधी टेनिसचे मैदान आखणे ही त्यांची कामे. पगार महिना चार रुपये. कॅप्टन ग्रेग हा तिथला नावाजलेला इंग्रज फलंदाज. सरावाला गोलंदाज हवा म्हणून त्याने या मैदानी गड्याच्या हातात चेंडू दिला. मला बाद केलेस की दर वेळी आठ आणे, असा त्यांच्यात ठराव होता म्हणतात. बाळूंच्या डाव्या हाताची फिरकी अशी क्लबात तासन् तास घडत गेली. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. एखाद्या परदेशी संघात असते तर एवढ्यावर त्यांचे पुतळे उभे राहिले असते.

पण पूना क्लबात या माणसाला बॅट कधीच मिळाली नाही. रामचंद्र गुहांनी बाळूंवर जे मोलाचे काम केले आहे, त्यात हा तपशील येतो आणि माझ्या मनातून तो जात नाही. गोलंदाजी म्हणजे राबणे, तेव्हा ती राबणाऱ्याने करावी. फलंदाजी हे साहेबाचे काम. ग्रेगची नजर चांगलीच होती, बाळूंमधला गोलंदाज त्याने लगेच ओळखला. मात्र तो शोधत होता सरावाला गोलंदाज, आणि शोधणाऱ्याला जे हवे असते तेवढेच बहुधा सापडते. बाळूंच्या खांद्यात षटकार होता की नाही हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण कोणी पाहिलेच नाही.

संस्थानिकांची नजर या बाबतीत थोडी सैल होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंना देवासच्या महाराजांनी पदरी ठेवले आणि क्लॅरी ग्रिमेटसारख्या ऑस्ट्रेलियन फिरकी गोलंदाजाचे मार्गदर्शन मिळवून दिले. या पोराची फलंदाजीची ढब बदलू नका, असे त्याने सांगितल्याची आठवण प्रसिद्ध आहे. इंदूरच्या गल्लीतला मुश्ताक अली तेरा-चौदा वर्षांचा असताना नायडूच्या नजरेला पडला. म्हणजे पारखला गेलेला माणूस आता स्वतः पारखू लागला होता. होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला आणि सहा वेळा अंतिम सामन्यात हार खाल्ली. १९४५-४६ मध्ये म्हैसूरविरुद्ध एकाच डावात सहा जणांची शतके आणि ८ बाद ९१२. सरवटे, मुश्ताक, पुढे भाऊसाहेब निंबाळकर अशी माणसे हेरून, बोलावून, नोकऱ्या देऊन हा संघ उभा केला होता. संस्थान विलीन झाले आणि संघही काही वर्षांत विरला. दरबारी पारखीचा हा मोठा दोष. धनी गेला की नजरही गेली.

अमेरिकनांनी बेसबॉलमध्ये याच कामाला कागदोपत्री शिस्त लावली. १९६५ पासून तिथे नवोदितांची वार्षिक निवड होते. संघ पाळीपाळीने नावे पुकारतात. त्याआधी वर्षभर पारखी गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांची मैदाने पालथी घालतात आणि प्रत्येक गुणाला २० ते ८० या पट्टीवर आकडा देतात. ५० म्हणजे सर्वसाधारण. यात पहिल्या बेसवर उभा राहणारा गडी हे एक वेगळेच प्रकरण आहे. या जागी फारसे पळावे लागत नाही, दूरची फेकही क्वचितच करावी लागते. इतरांनी फेकलेले चेंडू झेलायचे, एवढेच मुख्य काम. म्हणून जड अंगाचे, पण चेंडू प्रेक्षकांत भिरकावू शकणारे फलंदाज तिथे उभे करतात. याचा दुसरा अर्थ असा की त्या पोराची बॅट चालली नाही तर त्याला मैदानात दुसरी जागाच नाही. पारख्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची निवड ती हीच. इतर खेळाडूंचे एक अंग कमी पडले तर दुसरे हात देते. याचे सगळे एकाच आकड्यावर टांगलेले.

आणि तो आकडा चुकतो. माइक पियाझा हा असाच पहिल्या बेसवरचा पोरगा. १९८८ मध्ये बासष्टाव्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर त्याला पुकारले, तेही संघाचा व्यवस्थापक त्याच्या वडिलांचा दोस्त होता म्हणून. त्याला यष्टिरक्षकासारखे मागे बसायला शिकवले. पुढे त्याने ४२७ होम रन ठोकल्या. अल्बर्ट पुजोल्स १९९९ मध्ये तेराव्या फेरीत, ४०२ वा. त्याच्या होम रन ७०३. त्याच्या आधी चारशे एक नावे पुकारली गेली होती.

हेच अमेरिकन बेसबॉलसाठी आपल्याकडेही येऊन गेले. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली. हजारो पोरांनी वेगमापक यंत्रासमोर चेंडू फेकले आणि उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, निवडले गेले. त्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. ज्या देशात पोरगा चालायला लागला की बॅट धरतो, तिथे येऊन त्यांनी फक्त हात शोधला. बॅट कोणी मागितलीच नाही. कारण व्यवहाराचे असेल. वेग यंत्राने मोजता येतो, पण सुटलेल्या चेंडूवर कधी तुटून पडायचे हे ज्या डोळ्याला कळते, तो डोळा एका दुपारीत मोजता येत नाही.

हे सगळे मी नंदुरबारात बसून लिहितो आहे, त्याला कारण आहे. डोंगरातल्या मुलांकडे पाहणारी सरकारी नजर १९८० च्या दशकात जागी झाली. भारतीय क्रीडा प्राधिकरण १९८४ मध्ये स्थापन झाले आणि पाठोपाठ आदिवासी भागांसाठी विशेष योजना आली. राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला लिंबाराम १९८७ मध्ये अशाच एका चाचणीत सापडला. बांबूचे धनुष्य वापरणारा हा मुलगा दुसऱ्याच वर्षी सोल ऑलिंपिकला गेला आणि १९९२ मध्ये बीजिंगला त्याने ३० मीटरमध्ये ३६० पैकी ३५८ गुणांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली. त्याच सुमारास कर्नाटकातल्या सिद्दी मुलांना त्यांचे पूर्वज आफ्रिकेतले म्हणून धावण्यासाठी निवडले गेले. काही वर्षांत ती योजना गुंडाळली. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य मिळवले आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ही यशे खरी आहेत, त्यांच्यामागचे प्रशिक्षकांचे कष्टही खरे आहेत. पण वाचकांनी यादी पुन्हा पाहावी. धनुष्य, धावणे, धावणे. भिल्ल म्हटला की तीर, पावरा म्हटला की पाय. सातपुड्यातून दमदार फुप्फुस आणि नेम येणार, हे चाचणीआधीच ठरलेले असते. पूना क्लबातला चेंडू इथे फक्त बदलून आला आहे.

सात-आठ वर्षांपूर्वी अक्राणी तालुक्यातल्या एका मैदानावर मी अशी एक निवड चाचणी पाहिली. उंची, वजन, ३० मीटर धाव, उभ्या जागेवरून लांब उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन, ८०० मीटर. घेणारे गुरुजी सज्जन होते. एकेका पोराला नावाने हाक मारत होते, पाणी पाजत होते. आठशे मीटरच्या आधी विश्रांती होती, तेव्हा पोरे गिल्ली-दांडू खेळायला लागली. दहा-अकरा वर्षांचा एक जाडसर मुलगा होता. धावण्यात तो सगळ्यांच्या मागे पडला होता. त्याने गिल्ली उडवली आणि हवेतच दांडूने अशी मारली की ती पलीकडच्या ज्वारीत गेली. दुसरी आणली, तीही गेली. तिसऱ्या वेळी मी उठून पावले मोजली. बांधापर्यंतच ब्याऐंशी भरली, पुढे पीक होते म्हणून थांबलो.

गुरुजींना मी ते सांगितले. ते हसले, म्हणाले, 'दादा, पाहिलं मी पण. पण हे कुठं लिहू?' आणि हातातला तक्ता माझ्यासमोर धरला. रकाने मोजले. एकही मारण्याचा नव्हता.

शाळांच्या क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आहे, सॉफ्टबॉल आहे, क्रिकेट तर आहेच. त्या पोराचे ८०० मीटर सगळ्यात शेवटी पूर्ण झाले. तो घाम पुसत आला आणि आधी ज्वारीत शिरला, गिल्ली शोधायला.